सर्वनामांचा तास

"गमतीच्या आठवणी लिहा, दोन-तीन पानं पुरेत," असं इंदूरच्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. सहामाहीच्या पेपराला पोहे-जिलेबी हाणून येऊन बाकावर झोपलेला आमचा मॉनिटर, गॅदरिंगमध्ये ऐन दरबारात निसटलेली महाराजांची दाढी. त्या बाकीचे लिहितीलच. मी नववीतल्या एका मुलाबद्दल आणि मराठीच्या बाईंच्या एका तासाबद्दल लिहितो. नावं कुणाचीच घेत नाही, आमच्या बॅचला ती सांगावी लागणार नाहीत.

१९८५ चा जुलै. सकाळच्या प्रार्थनेला आमच्या ओळीत एक नवा मुलगा उभा राहू लागला. 'जन गण मन' सुरू झालं की तो ताठ उभा राही. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. फक्त ओठ मिटलेले. आठवड्याभरात ते पीटीच्या सरांच्या ध्यानात आलं. "क्यों भिया, मूग गिळलेत का?" तो शांतपणे म्हणाला, "सर, मी उभा राहतो. गात नाही. आमच्या श्रद्धेत बसत नाही."

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, कारण वर्गात दुसरा ख्रिस्ती मीच. "काय रे, तू तर खड्या आवाजात गातोस. हा तुमच्यातलाच ना?"

"नाही सर. तो आमच्यातला नाही. ते खरे ख्रिस्ती नाहीतच."

दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं. त्या दिवशी तो पहिला तास संपेपर्यंत उन्हात उभा होता. मधल्या सुट्टीत मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, तर तोच डबा घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू सकाळी बोललास ना, तेच आमच्या घरी तुमच्याबद्दल बोलतात."

खरं तर असं बोलायची सोय आमच्या घराण्याला नव्हती. आम्ही मूळचे अहमदनगरचे. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे. आजोबा कंपाउंडर होऊन इंदूरला आले. इथं १८७७ पासून काम कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनचं, म्हणून ते प्रेस्बिटेरियन झाले. १९२४ साली हे दोन्ही प्रवाह मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे चर्चं, एकत्र आल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. इंदूरला आल्यापासून आजोबांचा बाक तोच होता, खिडकीजवळचा. बाहेरची पाटी तेवढी बदलत गेली. तरी नातू म्हणतोय, 'खरे' कोण ते आम्हाला ठाऊक!

तो मुलगा 'यहोवाचे साक्षीदार' ह्या पंथाचा. 'टेहळणी बुरूज' मासिकाचे अंक त्याच्या दप्तरात असत. त्याचं म्हणणं साधं होतं. देवाचं मार्गदर्शन वाटेल त्याला मिळत नाही, ते एका वाटेनं येतं. बायबलात मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात धनी आपल्या परिवाराला वेळच्या वेळी खायला घालण्यासाठी एक 'विश्वासू व बुद्धिमान दास' नेमतो. तो दास म्हणजे त्यांची संघटना. बाकी चर्चं चाचपडताहेत. एवढंच नाही, त्याच्याकडे गणितही होतं. बीजगणितात तो वर्गात पहिला. वहीच्या मागच्या पानावर त्यानं मला मांडून दाखवलं: इ. स. पूर्व ६०७ ला यरुशलेम पडलं, तिथून २५२० वर्षं मोजायची. मी वजाबाकी केली, आलं १९१३. "एक मिळव," तो म्हणाला, "शून्य साल नसतं." १९१४! त्या वर्षी ख्रिस्त स्वर्गात राज्य करू लागला. मी थक्क झालो होतो, कबूल करतो. यरुशलेमचा पाडाव इतिहासकार इ. स. पूर्व ५८७ किंवा ५८६ ला धरतात आणि मग सगळा हिशेब वीस वर्षं सरकतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

१९७५ चं मात्र मला तेव्हाच कुठून तरी कळलं होतं. मानवाच्या इतिहासाची ६००० वर्षं त्या साली पुरी होतात, असं त्यांच्या १९६६ च्या पुस्तकात आलं होतं आणि पुष्कळांनी शेवटाची आस धरली होती. १९७५ आलं, गेलं. १९८० मध्ये त्यांच्याच मासिकानं त्याबद्दल खंत व्यक्त केली. मी हे मोठ्या फुशारकीनं त्याच्यापुढे टाकलं. तो म्हणाला, "अरे, पहाटेचा उजेड हळूहळूच वाढतो. नीतिसूत्रांत लिहिलंय." ह्यावर काय बोलायचं? चूक झाली तर उजेड कमी होता, बरोबर आलं तर मार्गदर्शन. मला राग आला आणि मी आमच्या पाळकांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडून, मार्कचा नववा अध्याय शोधून आणला. योहान येशूला सांगतो, एकजण तुमच्या नावानं भुतं काढत होता, आम्ही त्याला मना केलं, कारण तो आपल्याबरोबरचा नाही. येशू म्हणतो, मना करू नका, 'जो आपल्याला प्रतिकूल नाही तो आपल्याला अनुकूल आहे.' दुसऱ्या दिवशी तो मत्तय १२ घेऊन हजर: 'जो मला अनुकूल नाही तो मला प्रतिकूल आहे.' दोन्ही वाक्यं एकाच मुखातली. बसा आता!

ही जुंपलेली असतानाच बाई वर्गात आल्या. तास व्याकरणाचा, विषय सर्वनामं. बाई अगदी सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या, बायबल त्यांनी कधी हातात धरलं नसावं. "काय चाललंय रे दोघांचं?" म्हणून त्यांनी माझ्या हातातलं शास्त्र घेतलं, चश्मा वर ढकलून दोन्ही वचनं वाचली, परत वाचली.

"अरे, हे तर आजचंच," त्या म्हणाल्या. "एकात 'मला' आहे, दुसऱ्यात 'आपल्याला'. एकच कसं धरता?" मग फळ्याकडे वळून सबंध वर्गाला: "हिंदीत 'हम' म्हटलं की संपलं. मराठीत तसं नाही. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहिला. 'आपण' म्हटलं की तो आत आला. आता बघा, हा शिष्य काय म्हणतोय? 'आम्ही मना केलं.' आणि गुरू काय म्हणतोय? 'आपल्याला'." त्यांनी पेन्सिलीनं दोन्ही शब्दांभोवती गोल काढले आणि मग एकदम चपापल्या. "अगबाई, तुमचा धर्मग्रंथ ना हा! पुसून टाक हं," म्हणत टेबलावरचा खोडरबर माझ्या हातात दिला.

तो गप्प बसणारा नव्हता. "पण बाई, 'मला' अनुकूल कोण, हे ठरवायचं कुणी?"

"ते व्याकरणात येत नाही बाळ," बाई म्हणाल्या. "खाली बस."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. जे म्हणतात आमच्याकडे आहे, ते कमी नाहीत. आत्या रोमन कॅथलिक घरात पडली, तेव्हा पणजीनं अन्न सोडलं होतं. तिकडच्यांनाही आत्या बाटगीच वाटे, कारण त्यांच्यात 'मंडळीबाहेर तारण नाही' हे तिसऱ्या शतकापासून चालत आलेलं. १३०२ साली पोप आठवा बोनिफेस ह्यांनी तर तारणासाठी पोपच्या अधीन असणं आवश्यक म्हणून फर्मान काढलं. १९६४ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेनं दार बरंच किलकिलं केलं. आमच्याकडे फर्मानं निघत नाहीत, पण मंडळीच्या निवडणुकीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनाही 'प्रभूनं दाखवलंय' हे मी स्वतः ऐकलेलं आहे. निवडून एकच आला.

साक्षीदारांच्या मासिकानं २०१७ मध्ये लिहिलं की त्यांची संघटना चालवणारं नियमन मंडळ ईश्वरप्रेरित नाही आणि अचूकही नाही. वाचून मला बरं वाटलं. मग वाटलं, चूक होऊ शकते हे मान्य, पण ती झालीय असं खालच्या माणसानं त्या वेळी म्हणायची सोय आहे का? माझं तिथं अडतं. आणि हे विचारताना मला आमच्या पाळकांचा चेहराही दिसतो.

आजीला हे प्रश्न पडत नसत. तिनं लहानपणी नगरला रेव्हरंड टिळकांना पाहिलं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये बावीसेक वर्षं काढली आणि १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. दोनच वर्षांत ते गेले, दरबार काही फार वाढला नाही. आजी त्यांची भजनं पोळ्या लाटताना म्हणायची.

पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून १९८५ च्या जुलैतच शाळेतून काढलं होतं, तीही साक्षीदारांची मुलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी ह्यांच्या खंडपीठानं सांगितलं, राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही, आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, मुलांना परत घ्या. बाईंनी कात्रण शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवलं. पीटीच्या सरांनी त्यानंतर आमच्या ओळीकडे पाहिलं नाही. दहावीनंतर तो इंदूर सोडून गेला.

ते शास्त्र आजीचं होतं, आणि खोडरबर मी वापरलाच नाही. तिला ते गोल दिसले. "कुणी केलं हे?" मी सगळं सांगितलं, 'खरे ख्रिस्ती नाहीत' हे माझं वाक्य धरून. आजी बराच वेळ पान धरून बसली. मग म्हणाली, "बाईंना जेवायला बोलाव. त्या पोरालाही."

नाताळ तो पाळत नाही म्हणून जानेवारीतला रविवार धरला. बाईंसाठी आजीनं नवी पातेली आणली, पुरणपोळ्या केल्या. जेवणाआधी आजीनं प्रार्थना सुरू केली. बाईंनी पदर सावरून हात जोडले. मी एक डोळा उघडून पाहिलं. तो ताठ बसला होता, हात मांड्यांवर, नजर समोर, ओठ मिटलेले.

आजी 'आमेन' म्हणाली आणि पहिली पोळी तिनं त्याच्या ताटात वाढली.