तांब्यावरची खिडकी

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा चित्रकलेच्या तासाखेरीज दुसरा विषय माझ्या मनात आलाच नाही. चांदीची भांडी जलरंगात कशी रंगवावीत, हे आम्हाला त्या तासाला शिकवले गेले आणि आजही वस्तुचित्रणाला बसताना सरांचीच शिस्त माझ्या हातात असते.

गणेश चवथीसाठी घासूनपुसून ठेवलेला आपल्या घरचा तांब्या आणि पळी सर वर्गात घेऊन येत, टेबलावर पांढरे कापड अंथरून ती मांडत आणि शेजारी झेंडूची दोन फुले ठेवत. चांदीसाठी तयार करडा रंग घ्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के प्रकाश चांदी परत पाठवते. इतर कोणत्याही धातूला हे साधत नाही. त्यामुळे भोवती जे असेल, तेच तिच्या अंगावर दिसते आणि चित्रकाराने तेच रंगवायचे असते.

आमच्या वर्गाची खिडकी जुन्या पद्धतीची, शिंपल्यांच्या तावदानांची होती. शिंपल्यातून गाळून आलेला उजेड तांब्याच्या पोटावर दुधाळ उमटे आणि तावदानांच्या लाकडी पट्ट्या त्या गोलाईबरोबर वाकलेल्या दिसत. त्या पट्ट्या जशा वाकतात तशाच काढल्या, तर भांड्याचा फुगीरपणा आपोआप येतो, त्यासाठी वेगळी छाया भरावी लागत नाही, असे सर सांगत. त्या खिडकीखाली टेबलाच्या कडेची काळपट रेघ, तिच्याजवळ कापडाचा पांढरा पट्टा आणि एका बाजूला झेंडूचा ठिपका दिसे. तो ठिपका प्रत्यक्ष फुलापेक्षा किंचित मंद ठेवावा लागे. पळीच्या खोलगट भागात मात्र तीच खिडकी उलटी आणि इवलीशी होऊन बसलेली असे.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, म्हणून सर्वांत तेजस्वी जागा आधीच हलक्या हाताने आखून राखून ठेवायच्या. त्या जागा झाकायला चिकट द्राव मिळतो, पण त्याची कडा फार कठीण येते आणि शिंपल्याच्या मऊ उजेडाला ती शोभत नाही, असे माझे आजचे मत आहे. चमक येते ती कोऱ्या जागेला लागून असलेल्या गडद रंगामुळे. तो गडदपणा सर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करीत. निळा जास्त घेतला की छटा थंड होई, तपकिरी जास्त घेतला की उबदार.

गोव्याच्या पावसाळ्यात या कामाला वेगळाच धीर लागतो. हवा इतकी दमट असते की रंगाचा हात लवकर वाळत नाही आणि ओल्यावर दुसरा हात दिला की तांब्याच्या काठाची रेघ पसरून जाते. सर या अडचणीचाही उपयोग करून घेत. कागद ओला असेतोवर पोटावरच्या मऊ छटा एकमेकींत मिसळू द्यायच्या आणि काठ, पट्ट्या, काळ्या रेघा पुढच्या तासासाठी ठेवायच्या, असा आमचा क्रम ठरलेला होता. त्याच दमट दिवसांत चांदीही लवकर काळवंडते. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन तिच्यावर सल्फाइडचा थर चढतो. नक्षीच्या खाचांत राहिलेला तो पिवळसर तपकिरी रंग सर मुद्दाम रंगवून घेत, कारण संपूर्ण भांड्यात चांदीचा म्हणावा असा रंग तेवढाच.

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी आहे. गोव्याच्याच कारागिरांनी ती १६३६-३७ मध्ये घडवली. तांब्यावर प्रतिबिंब अखंड राहते, तर तिथल्या उठावाच्या कामावर त्याचे बारीक तुकडे होतात. अशा कामात प्रत्येक तुकड्याच्या मागे लागू नये, आधी डोळे किलकिले करून उजेड आणि काळोख यांचे मोठे गट पाहावेत, ही सरांची सूचना मला त्या पेटीसमोर उभे राहिल्यावर पूर्णपणे पटली.

आज मुले बहुधा मोबाइलमधील छायाचित्र पाहून चित्रे काढतात. छायाचित्रातली खिडकी आपण मान हलवली तरी जागची हलत नाही, प्रत्यक्ष तांब्यावरची हलते. म्हणूनच एका जागी बसून, एकच नजर ठरवून चित्र काढण्याची सवय तांब्यासमोरच लागते. शाळेच्या चित्रकला वर्गासाठी चांदीचा एक तांब्या आणि एक पळी देण्याची माझी इच्छा आहे. व्यवस्थापनाने ती स्वीकारावी आणि दोन्ही वस्तू कपाटात बंद न ठेवता मुलांच्या टेबलावर मांडाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे.