उरलेल्या कागदांची संक्रांत

माळ्यावरची पिशवी डोक्यात पडली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "एकतर वापर, नाहीतर रद्दीत घाल." पिशवीत तीन-चार वर्षांचा ऐवज होता. आकाशकंदिलाचे उरलेले कागद, भेटवस्तूंवरचे न फाडता सोडवलेले कागद (ही कला आईचीच) आणि ढीगभर लग्नपत्रिका. डिसेंबर अर्धा सरला होता. पूर्वी घरी पोस्टानं संक्रांतीची पाकिटं यायची. छोटंसं कार्ड आणि इवल्याशा पुडीत चार दाणे हलवा. तशीच २५ पाकिटं करायची ठरवली.

संक्रांत म्हणजे काळा रंग, म्हणून अप्पा बळवंत चौकातून काळे कार्डशीट आणले. ए-फोर आकाराचा एक कागद अर्धा कापायचा आणि प्रत्येक अर्धा दुमडायचा, की दोन कार्डं. पहिलंच दुमडलं आणि घडीवर पांढरी रेघ फुटली. वरून काळा, पोटात पांढरा! परत गेले तर दुकानदार शांतपणे म्हणाले, "ताई, आरपार रंगाचा मागायचा." तो आणला, तरी काही घड्या दातेरी येत होत्या. मग कळलं की कागदालाही कापडासारखं उभं-आडवं असतं. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूला मुकाट्यानं वाकतो, तिकडूनच घडी घालायची. आधी स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलनं एक रेघ दाबून ओढायची. एवढं केलं आणि घडी इस्त्रीसारखी बसली.

नक्षीनं मात्र रडवलं. सुरुवातीला हौसेनं मोठमोठे तुकडे चिकटवले, तर कार्ड रद्दीवाल्याच्या गाडीसारखं दिसायला लागलं. त्यात पांढरा गोंद लावलेला. गोंदातल्या पाण्यानं पातळ कागद फुगला आणि वाळल्यावर सुरकुत्या पडल्या त्या पडल्याच. बाहेर आलेला गोंद काळ्यावर चकाकत राहिला तो वेगळाच. सात कार्डं वाया गेली. पुढं ग्लू स्टिक वापरली आणि कार्डं रात्रभर जाड शब्दकोशाखाली ठेवली.

तिढा सुटला तो आईच्या कपाटापाशी. तिची चंद्रकळा बाहेर काढलेली होती: काळं अंग, बारीक ठिपके आणि काठ. डोळ्यांसमोर कार्डच! मग ज्या चिंचोळ्या पट्ट्या मी कचऱ्यात टाकणार होते, त्याच सोन्याच्या झाल्या. जेमतेम बोटभर रुंदीचा काठ खाली, अगदी बारीक पट्टी वर, आणि मधल्या काळ्यावर पांढऱ्या जेल पेननं ठिपके, हलव्याच्या दाण्यांसारखे. मोठी कोयरी पट्टीत कापली की नुसता डाग दिसतो. बारीक बुट्टी किंवा वेल असेल तरच काठ वाटतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांचा पदर करून पाहिला, पण ती हौस दोनच कार्डांत फिटली.

लग्नपत्रिकांचे सोनेरी काठ उत्तम निघाले. गणपतीला कात्री लावायला आईची सक्त मनाई, त्यामुळे तेवढे भाग सोडून कापलं. आता घरात छत्तीस गणपती एका डब्यात बसलेत, आणि त्यांचं काय करायचं हे तिलाही सांगता येत नाही. एका काठाच्या टोकाला लहान मुलांच्या तोंडच्या ओळीतलं ‘यायचं हं!’ तेवढं राहून गेलं. काठ सुरेख होता, टाकवेना. ते कार्ड बाजूला ठेवलं.

पाकिटं भरल्यावर किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवली. २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट, आणि माझं पाकीट २३! कार्ड सुमारे ९, पाकीट ५, उरलेला सगळा डाव हलव्याचा आणि त्याच्या पुडीचा. दाणे कमी करत करत सातावर आले. पुडीची जागाही ठरवावी लागली. तिकीट उजवीकडे वर, म्हणजे शिक्का तिथेच धपकन बसणार. म्हणून पुडी डाव्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली. ६ जानेवारीला सगळी पाकिटं पेटीत टाकली.

संक्रांतीच्या दिवशी नागपूरच्या मावशीचा फोन आला. तिच्या हलव्याचं पीठ झालं होतं, "पण गोड आहे गं पीठ," म्हणाली. संध्याकाळी मावसभावाचा आला. पाच वर्षं झाली, तो आमच्याकडे फिरकला नव्हता. बाजूला ठेवलेलं ते कार्ड मी मुद्दाम त्यालाच धाडलं होतं.

"कार्ड मिळालं," तो म्हणाला. "काठावर ‘यायचं हं’ लिहिलंयस. कधी येऊ ते कुठं लिहिलंय?"