डीयूएफ१ चं काम काय?

आज दिवसभर जीजीडीईएफ डोमेन (डोमेन म्हणजे प्रथिनाचा एक स्वतंत्र भाग) असलेली प्रथिनं हाताळली. पीफॅम या प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसमध्ये याचं जुनं नाव डीयूएफ१, म्हणजे कार्य अज्ञात असलेल्यांच्या यादीतलं पहिलं! जीवाणूंमध्ये तो सर्रास सापडतो, पण शेजारचे भाग दरवेळी वेगळे, म्हणून एका प्रथिनावरून अंदाज बांधणं धोक्याचं. १९८७ मध्ये मोशे बेन्झिमन यांच्या गटाला सेल्युलोज बनवणाऱ्या जीवाणूत सायक्लिक-डाय-जीएमपी हा संदेशवाहक रेणू सापडला. २००५ मध्ये जीवाणूंच्या दूरदूरच्या शाखांतली सहा प्रथिनं शुद्ध करून तपासली गेली, तेव्हा सगळ्यांचं काम एकच निघालं: जीटीपी या न्यूक्लिओटाइडचे दोन रेणू जोडून सायक्लिक-डाय-जीएमपी बनवणं. असा पुरावा मला फार भावतो.

चाचणी सोपी: प्रथिन, जीटीपी, मॅग्नेशियम, मग एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजायची पद्धत). पण काहीच दिसलं नाही म्हणून लगेच ‘निष्क्रिय’ लिहू नका. ई. कोलायमधून काढलेलं प्रथिन अनेकदा आपलंच उत्पादन चिकटवून येतं. ते आय-साइटवर, म्हणजे एन्झाइमला रोखणाऱ्या जागेवर, बसलं की एन्झाइम बंद! आधी २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं; न्यूक्लिओटाइड चिकटलं असेल तर ते वाढतं) बघा. वाढलेलं असेल तर फॉस्फोडायएस्टरेज या एन्झाइमने चिकटलेलं उत्पादन तोडा आणि प्रथिन पुन्हा शुद्ध करा. दुसरं म्हणजे, सक्रिय जागा दोन डोमेन समोरासमोर आल्यावरच पूर्ण होते, त्यामुळे नुसता डोमेन कापून घेतला तर तो बऱ्याचदा थंड पडतो. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, जीजीएएएफ म्यूटंट (सक्रिय जागेतली अमिनो आम्लं बदलून मुद्दाम निष्क्रिय केलेलं रूप) हवाच.