फोर्लानची चौकट

१९ नोव्हेंबर २०१६, शनिवार. नोटाबंदी होऊन अकरा दिवस झाले होते. माझ्या खिशात दोन हजारांची एकच गुलाबी नोट, आणि अंधेरीत तिचे सुटे द्यायला कुणी तयार नाही. डेस्कवरून बजावलं होतं, "अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नकोस." त्यांचंही बरोबरच होतं. विशाखापट्टणमला अश्विनने पाच बळी घेऊन इंग्लंडला २५५ वर गुंडाळलं होतं, सिंधू चायना ओपनच्या अंतिम फेरीत गेली होती. मुंबई सिटी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स हा फुटबॉलचा सामना पानाच्या तळाशीच जाणार होता.

सोबतची चौकट मी दुपारीच लिहून ठेवलेली. डिएगो फोर्लान, उरुग्वे, वय ३७. थकलेले तारे आपल्याकडे पेन्शन घ्यायला येतात, असा तिचा सूर. शेवटच्या तिरकस वाक्यावर तर मी फारच खूश होतो.

सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं व्हायच्या आत गड्याचे दोन गोल झाले. लॅपटॉप उघडला आणि ते वाक्य खोडलं.

तो धावत नव्हताच फारसा. चालायचा, मान वळवून मागे कोण आहे ते बघायचा, पुन्हा चालायचा. बाकीचे चेंडूच्या मागे, हा मोकळ्या जागेच्या मागे. दोन्ही पाय सारखेच चालणारे, त्यामुळे बचावपटूने अडवायचं कुठल्या बाजूने? २०१० च्या विश्वचषकात मी रात्रपाळीला होतो. जाबुलानी चेंडूच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, आणि ह्याने त्याच चेंडूने पाच गोल करून सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल नेला. घानाविरुद्धची त्याची वळलेली फ्री-किक आम्ही पान अडवून धरून पाहिली होती. हे सगळं दुपारी मला कसं आठवलं नाही, कोण जाणे.

मध्यंतरात चौकट नव्याने लिहिली. मँचेस्टर युनायटेडमध्ये आठ महिने एकही गोल नाही. पुढे साउदम्प्टनविरुद्ध गोल झाल्यावर आनंदात शर्ट काढला, तो परत घालता येईना, म्हणून हातात धरूनच खेळत राहिला. (हे तर घ्यायलाच हवं होतं.) मग स्पेन: व्हिलारियलकडून एका मोसमात २५ गोल, अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून ३२, दोन्ही वेळा लीगमध्ये सर्वाधिक. आजोबा उरुग्वेचे प्रशिक्षक, वडील पाब्लो दोन विश्वचषकांत खेळलेले, पण पोरगा टेनिसमध्ये रमलेला. १९९१ मध्ये बहीण आलेहांद्राला मोटार अपघातात कायमचं अपंगत्व आलं. तिच्या उपचारांसाठी पैसा हवा, म्हणून फुटबॉलपटूच व्हायचं ठरवलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. खोडलेल्या वाक्याच्या जागी मी हे टाकलं, अगदी शेवटी.

उत्तरार्धात तिसरा गोल. हॅटट्रिक. मुंबई ५-०. केरळच्या बाकावर प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेल, तेही जुने युनायटेडवालेच. त्यांना दोन प्रश्न विचारायचे राहून गेले, कारण तेवढ्यात फोन वाजला.

"जागा नाही रे. चौकट निम्मी करतोय."

"कुठून कापताय?"

"खालून. आणखी कुठून?"

सकाळी पान पाहिलं. शर्टाचा किस्सा होता, व्हिलारियलचे २५ गोलही होते. त्याच्याखाली टायरची जाहिरात.