ऑटोमॅटिक पिकअपचं गिअर ऑइल अन् फिल्टर बदलायचा माझा अनुभव

आपल्याकडं ऑटोमॅटिक पिकअपवाले मोजकेच, व्ही-क्रॉस नाहीतर हायलक्स, बाकी पिकअप म्हटलं की अख्खा जिल्हा मॅन्युअल गिअरच धरून चालतो. त्यामुळं ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंय म्हटलं की साताऱ्यात जो तो वेगळंच सांगतो. माझी गाडी कुठली ते बाजूला ठेवू, काम सगळ्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच आहे.

माझी गाडी नुसती हायवेला पळणारी नाही. मागं पॉलिहाऊसचे पाइप, ठिबकचे बंडल, सीझनला रोपं, असा माल भरून वाईतून पसरणी घाटानं पाचगणी, भिलारकडं चढायचं हे कायमचंच. एक लाख किमी होत आलेले. सकाळी थंड गाडी रिव्हर्समधून डीला, म्हणजे पुढं जायच्या गिअरला, टाकली की सेकंदभर विचार करायची, मग झटका देऊन उचलायची. आणि घाटात दुसऱ्यातून तिसरा पडताना मागच्या सीटवरचा माणूस विचारायचा, "काय झालं ओ?"

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर आलं, लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही. आता लाइफटाइम म्हणजे कुणाचं, गाडीचं का वॉरंटीचं, ते कोण सांगणार. गाडीबरोबर आलेलं पुस्तक, म्हणजे मॅन्युअल, उघडून मागचा सर्व्हिसचा तक्ता बघितला तर तिथं बारीक अक्षरात वेगळी ओळ होतीच, की जड लोड, डोंगराळ रस्ता, धूळ असा वापर असेल तर ८०,००० किमीला ऑइल बदला. आपला वापर म्हणजे तेच की सगळं. घाटात कमी स्पीडला लोड ओढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधनं गिअरबॉक्सला देणारा भाग, स्लिप होत राहतो, सगळी गरमी ऑइलमधे जाते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघितलं तर सपाट रस्त्याला ७५-८० अंश असणारं गिअर ऑइल पसरणी घाटात लोड असताना शंभरच्या वर जात होतं.

पार्टसाठी थोडं थांबावं लागलं. फिल्टर, त्याची ओरिंग (रबरी रिंग), चेंबरचं म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या थाळीचं पॅकिंग अन् ड्रेन नटचे वायसर हे साताऱ्यात मिळालं नाही, पुण्यात मिळालं, भाचा स्वारगेटवरनं विनाथांब्यानं येणार होता त्याच्याकडंच मागवलं. ऑइलच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नका. दुकानदार म्हणाला, लाल आहे ना, मग सगळं एटीएफ (ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल) एकच. तसं नसतं. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, लीक झालं तर इंजिन ऑइल का गिअर ऑइल ते कळावं म्हणून, त्यावरनं ग्रेड कळत नाही. डेक्सरॉन तीन वेगळं, डेक्सरॉन सहा वेगळं, टोयोटाचं डब्ल्यूएस वेगळं, घट्टपणा वेगळा अन् आतल्या क्लच प्लेटांना लागणारं घर्षणही वेगळं. मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच घ्यायचं. लिटरला हजाराच्या आसपास पडलं, दुखतं खिशाला, पण गिअरबॉक्स खोलायचा खर्च ऐकला की हे स्वस्त वाटतं.

जागा म्हणून ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प घेतला. तिथले मेस्त्री जुने, डिझेल गाड्यांत आयुष्य गेलेलं, पण म्हणाले, "दादा, ऑटोच्या नादाला आम्ही लागत न्हाय, उद्या काय झालं तर आमच्याच गळ्यात. तुम्ही करा, पाने पायजेल ते घ्या." मी म्हटलं मेस्त्री, तुम्ही नुसतं जवळ उभं राहा, तेवढं पुरे. ते राहिले उभे, आणि अर्ध्या तासानं त्यांचाच हात आत होता.

गाडी रॅम्पवर घेतल्यावर गवंड्याची पाणसळ आणून चासीवर ठेवली, कारण पुढं लेव्हल बघायची असते आणि गाडी पुढंमागं कललेली असली तर सगळा हिशोब चुकतो. चाकांना उटी, हँडब्रेक, गाडी पीमधे, म्हणजे पार्किंगला. आणि इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ड्रेन नटला हात लावायच्या आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा नट ढिला करून बघायचा. तो कधीच उघडलेला नसतो, धुळीनं अन् गंजानं जाम असतो. आधी सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा नट फिरेना, तर गाडी रॅम्पवरच अडकली म्हणून समजा, ना चालवता येते ना ढकलून बरं वाटतं. माझा नट लांब दांड्याशिवाय हलला नाही, आदल्या रात्री त्यावर रस्ट स्प्रे मारून ठेवला होता तरी.

ऑइल मी संध्याकाळी सोडलं, गाडी थोडी फिरवून आणल्यावर, कोमट असताना. कोमट असलं की पातळ होऊन नीट निथळतं, पण घाटातून आल्या आल्या करू नका, हात भाजेल आणि वर सायलेन्सरचा पाइप जवळच असतो. खाली जे पडलं ते लाल नव्हतं, कडक चहाच्याही पुढं गेलेलं, वासाला थोडं करपट. मापाच्या डब्यात धरलं. हे मोजणं विसरू नका, जेवढं निघालं तेवढं तरी परत घालायचंय.

मग चेंबर. दहा नंबरचे वीसेक बोल्ट, गोटी पान्यानं सगळे ढिले केले, एका कोपऱ्यातले दोन शेवटपर्यंत ठेवले म्हणजे चेंबर एका बाजूला कलतो आणि उरलेलं ऑइल अंगावर न येता एकाच कडेनं पडतं. पॅकिंग चिकटलेलं होतं, मेस्त्रींनी लाकडी मुठीनं हळूच ठोकून सोडवलं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, कडा वाकली की जन्मभर गळती.

चेंबरच्या तळाला छोटी मॅग्नेट असतात. त्यावर काळी करडी पेस्ट बसलेली, मिसरीसारखी बारीक. मी बोटावर घेऊन चोळून बघितली, उजेडात धरली. नुसती मऊ लागली, टोचणारं काही नाही, तुकडे नाहीत, कपची नाही. मेस्त्रींनी पण दोन बोटांत चोळली अन् म्हणाले, "आत सगळं बरं हाय." बारीक पेस्ट म्हणजे प्लेटांची अन् गिअरची नेहमीची झीज, ती येणारच. धातूच्या कपच्या मिळाल्या असत्या तर मी तिथंच थांबलो असतो, नवीन ऑइल घालून तो आजार बरा होत नाही. मॅग्नेट पुसून जागच्या जागी बसवली.

फिल्टर तीन बोल्टवर असतो, काढताना त्याच्यातलंही बरंच ऑइल पडतं, डबा हलवू नका. आणि जुना फिल्टर हातात आला की त्याच्या नळीवर ओरिंग आहे का ते बघा. माझ्या फिल्टरवर नव्हती. ती वर भोकातच चिकटून बसलेली, टॉर्च मारल्यावर काळी कड दिसली, बोटानं ओढून काढली. ती तशीच ठेवून नवीन फिल्टर दाबला असता तर दोन ओरिंगा एकावर एक बसल्या असत्या, फिल्टर तिरका, पंप ऑइलऐवजी हवा ओढणार. नवीन ओरिंगला थोडं नवीन ऑइल चोळून बसवली.

चेंबर रात्रभर उघडाच निथळू दिला, खाली डबा, वर स्वच्छ कापड गुंडाळून, कारण रॅम्पवर धूळ अन् पाण्याचे शिंतोडे. सकाळी नवीन पॅकिंग लावून बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे करत. इथं ताकद लावायची नसते, टॉर्क रेंचवर जेमतेम सात-आठ न्यूटन मीटर, म्हणजे हाताला काहीच वाटत नाही इतकं. मेस्त्रींना ते पटेना, "एवढ्यानं गळंल की." नाही गळलं.

आता लेव्हल. माझ्या मते खरं काम हे आहे, बाकी सगळी पानेबाजी. या गिअरबॉक्सला ऑइल मोजायची दांडी नसते. चेंबरला खालून एक चेक नट असतो, आत छोटी उभी नळी, ऑइल त्या नळीच्या तोंडाच्या वर असलं तर नटातून बाहेर येतं. पण ऑइल गरम झालं की फुगतं, म्हणून कंपनी टेंपरेचर ठरवून देते, माझ्या मॅन्युअलमधे ३५ ते ४५ अंश. थंड असताना लेव्हल लावली तर गरम झाल्यावर जास्त होऊन फेस येतो, फार गरम असताना लावली तर खरं तर कमी पडलेलं असतं. म्हणूनच काम एप्रिलच्या दुपारी करू नका, साताऱ्याच्या उन्हात ऑइल गाडी सुरू करायच्या आधीच ३५ च्या वर असतं. मी सकाळी सातला सुरुवात केली.

हातपंपानं वरच्या भोकातून निघालं तेवढं, चारेक लिटर, घातलं. भाचा आत बसला, ब्रेकवर पाय घट्ट, गाडी सुरू करून पी, आर, एन, डी असा लिव्हर हळूहळू फिरवला, प्रत्येक ठिकाणी दोन-चार सेकंद, म्हणजे ऑइल आतल्या सगळ्या वाटा अन् कन्व्हर्टरमधे जातं, मग परत पी. गाडी सुरूच ठेवायची, बंद करून बघितलं तर ऑइल खाली उतरतं आणि लेव्हल जास्त दिसते. स्कॅनरवर २७, ३०, ३३ असं चढताना भाचा मोठ्यानं ओरडत होता. ३५ ला मी चेक नट काढला, काहीच आलं नाही. म्हणजे कमी. वरून पंपानं थोडं थोडं घालत गेलो, आणि एकदम खालून बारीक लाल धार लागली. धार तुटून थेंब थेंब झाली तेव्हा ३९ होतं, तिथंच नवीन वायसर टाकून नट बसवला.

एक गोष्ट ध्यानात घ्या, एका वेळी सगळं ऑइल निघत नाही. आत दहाएक लिटर मावतं, निघतं चार, बाकी कन्व्हर्टरमधे अन् कूलरच्या पाइपांत. म्हणजे एकदा केलं की ४० टक्के नवीन, परत केलं की ६४, आणखी एकदा केलं की ७८. फ्लशिंग मशीन लावा म्हणून सांगणारेही भेटले, पण इतकं जुनं ऑइल असताना मशीननं जोर देऊन धुवायला माझं मन झालं नाही. त्यापेक्षा काही हजार किमी चालवून फक्त ड्रेन करून परत भरलं, तेव्हा चेंबर खोलायची गरज नाही, फिल्टर तोच राहतो. दुसऱ्यांदा निघालेलं ऑइल तांबूस होतं, काळं नाही.

फरक? सकाळचा झटका पहिल्या आठवड्यातच गेला. दुसऱ्याचा तिसरा आता लोडवर जाणवतो पण दचकवत नाही. घाटातलं टेंपरेचर फारसं कमी झालेलं नाही, ते होणारही नव्हतं, त्यासाठी मी आता पसरणीला लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसऱ्यातच ठेवतो, इंजिन ओरडलं तरी चालेल.

जुनं ऑइल मेस्त्रींच्या बॅरलमधे ओतलं, ते रिसायकलवाल्याला देतात. त्यातलं लिटरभर शेजारच्या एका काकांनी गोठ्याच्या वाशांना लावायला मागितलं, वाळवी लागत नाही म्हणे. दिलं नाही, जनावरं वासे चाटतात.