दाजींसोबत अर्जाच्या रांगेत

आज सुट्टी टाकून दाजींसोबत राज्य कामगार विम्याच्या कार्यालयात गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका छोट्या कारखान्यात ते १४ वर्षं प्रेस मशीनवर होते. चीनहून येणारा तयार पार्ट स्वस्त पडायला लागला, ऑर्डरी आटल्या आणि दिवाळीनंतर शटर पडलं ते पडलंच.

या विम्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी मजुरीच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. तीही आयुष्यात एकदाच. दाजींना हे माहीतच नव्हतं. दर महिन्याला पगारातून विम्याची कपात व्हायची, पण हक्क काय ते कुणी सांगितलं नाही. याचा मला फार राग आला.

अमेरिकेत आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी १९६२ पासून वेगळी योजना होती, नवं काम शिकायचा खर्च आणि शिकेपर्यंत भत्ता देणारी. १ जुलै २०२२ पासून तिथंही नवे अर्ज मंजूर होणं बंद झालं. पण आपल्याकडे ९० दिवसांत ४६ वर्षांच्या माणसानं काय शिकायचं?

सही करताना दाजींनी पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. तर्जनीचं पेर प्रेसमध्ये गेलंय. मी मान दुसरीकडे वळवली.

बाहेर टपरीवर चहा घेताना म्हणाले, "ते कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन शिकायला किती महिने लागतात रे?"

वाळूज, चिकलठाणा भागात या वयाच्या माणसाला मनापासून शिकवणारं ठिकाण माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मी उद्या स्वतः त्यांना घेऊन जातो.