टेमेरेअर, भाग ६: खोट जहाजात नव्हतीच

टर्नर ह्या इंग्लिश चित्रकाराच्या ‘द फायटिंग टेमेरेअर’ ची तैलरंगांत नक्कल करतेय: जुन्या लढाऊ जहाजाला टग, म्हणजे वाफेची छोटी बोट, ओढून नेतेय. तीन आठवडे मी त्यातलं एकच जहाज पांढरं करतेय. मागच्या वेळी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं, आकाश जमलं, आता जहाज दोन बैठकांत उरकतं. कसलं काय! टायटॅनियम व्हाइट लावला तर चुना फासलेली भिंत. वर यलो ओकरचं ग्लेझ (पातळ, पारदर्शक थर) दिलं तर किडका दात. पुसलं, झिंक व्हाइट घेऊन कोरड्या हॉग ब्रशने (डुकराच्या राठ केसांच्या) स्कम्बल केलं, म्हणजे खालचं दिसेल असा विरळ रंग घासला. जरा बरं, पण टर्नरचं जहाज कसं धुक्यातून तरंगत येतं, तसं होईना. त्यात पावसाळी हवा, एकेक थर वाळायला आठवडा. (रंग लवकर वाळवणारं अल्किड मिडियम सुचवू नका, वासाने डोकं धरतं.)

वैतागून जहाज सोडलं आणि टग धरला. नुसतं धुराडं गडद करायचं म्हणून बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरिन कालवला. चार पावलं मागे जाऊन बघते तर जहाज फिकं, भुतासारखं! हातही लावला नव्हता त्याला. माझा टगच चॉकलेटी होता. भाग ४ च्या वेळी हे मला टोकलं गेलं होतं, तेव्हा ऐकलं नाही.

म्हातारा टर्नर लबाडच. सप्टेंबर १८३८ मध्ये इंग्लंडात शीरनेसहून लंडनच्या रॉदरहाइथला मोडीत न्यायच्या वेळी टेमेरेअरवर डोलकाठ्या उरल्या नव्हत्या, ओढायला टगही दोन होते. ह्याने डोलकाठ्या परत उभ्या केल्या, टग एकच ठेवला आणि त्याचं धुराडं पार पुढे आणलं. ट्रफल्गारच्या आरमारी लढाईत लढलेलं ९८ तोफांचं जहाज, आणि समोर हा बुटका, काजळी माखलेला टग. तो काळा पडल्याशिवाय ते पांढरं दिसणारच नाही. मी उलट्या टोकाने झगडत होते.

धुराड्याचं पाण्यातलं प्रतिबिंब मात्र पहिल्याच ओढीत आलं. दिवसभर येता-जाता तेवढंच बघत होते.

आता सूर्य. स्वस्त ट्यूबवरचं ‘कॅडमियम ह्यू’ (कॅडमियमची नुसती नक्कल) घेऊ नका, पांढऱ्यात मिसळलं की फिक्कं गुळमुळीत होतं. जाड थर ऑक्टोबरच्या उन्हावर ढकलणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं: आधी नाइफने नुसता पांढरा इम्पास्टो, म्हणजे जाड उठावाचा थर, उभा करायचा, तो वाळला की वरून पिवळं-नारिंगी ग्लेझ. म्हणजे पांढरं ह्याच रविवारी.

डावीकडे वरची चंद्रकोर राहिलीय. तिच्यावर दुसऱ्यांदा ब्रश फिरला की लाडू होतो. सरावाच्या कागदावर तीन लाडू झालेत.